फोटो एकच, मागणाऱ्या दोघी



आज गोष्ट एका जुन्या कॅमेऱ्याची, पोलरॉइडची.

तुम्हाला रोलचे दिवस आठवत असतील. छत्तीस फोटो संपेपर्यंत थांबायचं, मग रोल स्टुडिओत धुवायला द्यायचा. गणपतीतले फोटो कधी कधी दिवाळीला हातात यायचे. हीच वाट पाहणं एका लहान मुलीला मंजूर नव्हतं. १९४३ साली अमेरिकेत सान्ता फे इथे सुटीवर असताना एडविन लँड यांनी आपल्या तीन वर्षांच्या लेकीचा फोटो काढला. तो लगेच का दिसत नाही, असं तिनं विचारलं. लँड शास्त्रज्ञ होते. त्यांनी प्रश्न मनावर घेतला. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मिनिटभरात फोटो तयार करून दाखवला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात बॉस्टनच्या एका दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला, किंमत ८९ डॉलरहून थोडी जास्त.

आपल्या ओळखीचा चौकोनी, पांढऱ्या काठाचा फोटो आला १९७२ मध्ये, एसएक्स-७० या कॅमेऱ्यातून. खालच्या जाड पट्टीत रसायनाची पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन रोलर ती फोडून रसायन पसरवतात. म्हणून फोटो हलवायचा नाही, उजेडापासून झाकून ठेवायचा. वेगळी निगेटिव्ह हाती येत नाही. प्रत एकच.

डिजिटल आल्यावर हे सगळं मागे पडलं. २००८ मध्ये कंपनीने फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा काही हौशी मंडळींनी नेदरलँड्समधल्या एन्स्केडे इथला शेवटचा कारखाना वाचवला. जुनी रसायनं मिळेनात, म्हणून कृती नव्याने बसवावी लागली. आजच्या रंगीत फिल्मला चित्र उमटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. थांबायला नको म्हणून जन्मलेला कॅमेरा आज मुलांना आवडतो, तो थांबायला लावतो म्हणून!

कतारमध्ये एक पथ्य पाळा. ही फिल्म १३ ते २८ अंशांत नीट चालते. उन्हाळ्यात बाहेर काढलेला फोटो पिवळट-लालसर येतो. पाकीट गाडीत विसरू नका. फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी ठेवा, पण फ्रीजरमध्ये नको.

गेल्या डिसेंबरात आई दोह्याला आली होती. कॉर्निशवर माझ्या मुलीने आजीबरोबर फोटो काढून घेतला. पाकिटातली शेवटची फिल्म. तिघंही बाकावर बसून चित्र उमटायची वाट पाहत होतो. आईने तेवढ्यात माझ्या बाबांच्या पहिल्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. मग प्रश्न आला, फोटो कोणाचा? "फोनवर त्याचा फोटो काढून ठेवू," मी म्हणालो. दोघींनाही पटलं नाही. शेवटी मुलीने पांढऱ्या पट्टीवर तारीख लिहिली आणि तो आजीच्या पर्समध्ये ठेवला.

आता तो साताऱ्यात, आईच्या कपाटाच्या आरशाला लावलेला आहे. उन्हाळ्यात गेलो की मुलगी आधी तो पाहायला धावेल.

तुमच्या घरी असा एखादा फोटो असेल, तर तो कोणाकडे आहे, आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!