पहिली गाडी

जबलपूरला बदली होऊन आलो त्याच आठवड्यात सिग्नल्सच्या ‘डेअर डेव्हिल्स’ पथकाचा सराव पाहायला मिळाला. एका मोटारसायकलवर माणसांचा मनोरा आणि खाली इंजिनाची ती ओळखीची धडधड. माझ्याबरोबर ऑफिसातला एक क्लार्क होता, कोल्हापूरकडचा, तेविशीतला. परत येताना म्हणाला, ‘‘साहेब, पहिली गाडी घ्यायची म्हणतोय. बुलेटच घेऊ ना?’’

बजेट किती, विचारलं.

‘‘लाखभर. आईला नव्वद सांगितलंय.’’

त्याच्या त्या ‘बुलेटच’मधल्या ‘च’मागे सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या फौजेनेच घडवला आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

मोटारसायकल फौजेत आली ती निरोप पोचवायला. वायरलेसचा भरवसा नसायचा, तारा तुटायच्या. मग डिस्पॅच रायडर पाकीट घेऊन सुटायचा. डेअर डेव्हिल्सचा जन्म १९३५ चा, त्याच डीआर लोकांच्या कसरतींतून झालेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि साम्राज्याच्या फौजांकडे बीएसए एम-२० सारख्या ५०० सीसीच्या अवजड गाड्या होत्या. पण त्याच युद्धातली मला आवडणारी गाडी वेगळीच. रॉयल एनफिल्डने बनवलेली ‘फ्लाइंग फ्ली’, म्हणजे उडती पिसू! १२५ सीसी, वजन जेमतेम साठेक किलो. लोखंडी पिंजऱ्यात बसवून पॅराशूटने खाली टाकायची, आणि खड्डा किंवा कुंपण आडवं आलं की सरळ उचलून पलीकडे न्यायची. ज्याला गाडी उचलावी लागणार आहे त्याला हलकी गाडी द्यावी, एवढी साधी अक्कल युद्धात सुचली होती. शांततेत आपण ती विसरलो.

स्वातंत्र्यानंतर सीमेवरच्या गस्तीसाठी आणि पोलिसांसाठी दणकट गाडी हवी होती. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ३५० सीसी बुलेट निवडली. पहिली मोठी मागणी ८०० गाड्यांची होती असं सांगितलं जातं. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी झाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला एनफिल्ड इंडियाचा कारखाना उभा राहिला. आधी सुटे भाग इंग्लंडहून यायचे, मग हळूहळू सगळं इथेच बनू लागलं. पुढे इंग्लंडमधला रेडिचचा मूळ कारखाना बंद पडला, पण मद्रासची बुलेट तशीच चालत राहिली. लेफ्टनंट झाला की बुलेट घ्यायची, ही आमची ‘परंपरा’ अशी एका सरकारी खरेदीतून आली आहे.

मात्र त्या खरेदीत एक गोष्ट गृहीत होती. गाडी ज्याच्या हाती जाणार तो शिकवलेला माणूस असणार. डीआरला उस्ताद शिकवायचा, परीक्षा घ्यायचा, गाडी आडवी पडली की त्याच्याकडूनच उभी करून घ्यायचा. शोरूममधून चावी घेऊन निघणाऱ्या पोराच्या मागे उस्ताद नसतो.

माझ्याही मागे नव्हता. खडकवासल्याला तीन वर्षं आम्ही सायकलवर काढली, आणि शिक्षा म्हणून बराच काळ सायकल आमच्यावर होती. मोटारसायकल चालवायला शिकलो सुटीत, मित्राच्या १०० सीसीवर. कमिशन मिळाल्यावर एका सीनियरकडून जुनी बुलेट घेतली. या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. जुन्या ब्रिटिश गाड्यांची हीच रीत. जपानी गाड्यांचं उलटं, आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेने गिअर डावीकडेच हवा असा नियम केल्यावर जगभर तेच रूढ झालं. आपली बुलेट मात्र त्यानंतरही बरीच वर्षं उजवीकडेच राहिली.

हे सगळं मला तेव्हा माहीत होतं. पठाणकोटच्या अलीकडे पुढचा ट्रक अचानक थांबला तेव्हा डोक्याला माहीत होतं, पायाला नव्हतं. उजवा पाय सवयीने खाली दाबला, ब्रेकऐवजी वरचा गिअर पडला आणि गाडी आणखी पुढे सरकली. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. सीओ साहेबांनी भेटायला येऊन फक्त एवढंच विचारलं, ‘‘कुणी शिकवली होती?’’

आता या इतिहासाची दुसरी बाजू. साठच्या दशकात बुलेटशिवाय दोन गाड्या होत्या. म्हैसूरच्या आयडियल जावामध्ये १९६१ पासून जावा बनू लागली, पुढे तीच येझदी झाली. फरिदाबादला एस्कॉर्ट्सने पोलंडच्या गाडीवरून राजदूत काढली, १७५ सीसीची. दूधवाले आणि ग्रामसेवक यांची गाडी. पण सामान्य माणसाची पहिली गाडी म्हणजे स्कूटर, आणि आकुर्डीच्या चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं.

ऐंशीच्या दशकात सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी भागीदारीला वाट दिली आणि चारपाच वर्षांत चित्र पालटलं. १९८४ मध्ये होसूरहून इंड-सुझुकी आली, १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स-१०० आणि धारूहेड्याहून हिरो होंडा सीडी-१००, मागोमाग कावासाकी बजाज. यातली आरएक्स पोरांची लाडकी, आजही तिचा आवाज आला की माझ्या वयाची माणसं मान वळवतात. पण देश बदलला तो सीडी-१०० ने. ती फोर-स्ट्रोक होती, पेट्रोल कमी खायची आणि त्यात ऑइल मिसळायची कटकट नव्हती. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही जाहिरात हिंदी मुलखात ज्याला इंग्रजी येत नव्हतं त्यालाही कळली. १९९४ ची स्प्लेंडर तिचीच पुढची पिढी. लडाखपासून नागालँडपर्यंत जिथे जिथे पोस्टिंग झालं, तिथे रस्त्याकडेच्या मेकॅनिकच्या डब्यात तिचे भाग सापडले. नवख्याला हीच गोष्ट सर्वात आधी बघावी लागते.

त्या पोराला मी वजनाचा हिशेब घातला. आजची स्प्लेंडर ११२ किलो, बुलेट ३५० म्हणजे १९५. तो स्वतः साठ. पार्किंगच्या उतारावर बुलेट कलली तर तो सावरू शकत नाही, शंभरवाली सावरतो. पैशाचंही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, कॅन्टीनमधून आणखी थोडं कमी होईल, तरी बुलेट रस्त्यावर येईपर्यंत त्याच्या लाखाच्या दुपटीच्या घरात जाते. शिवाय नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागतो, तो शोरूमच्या पाटीवरच्या किमतीत धरलेला नसतो.

जुनी घ्यायची तर गाडी थंड असताना जा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा पिऊन थांब. चासी नंबर आरसीशी ताडून बघ. मोकळ्या रस्त्यावर हँडल सरळ राहतं का बघ. परराज्याची पासिंग असेल तर एनओसीचं लचांड मागे लागतं. बदलीच्या नोकरीत नवी घेणंच बरं, आणि २०२१ पासून आपल्याला बीएच सिरीजचा नंबर मिळतो, तो घे.

हेल्मेटचं मी त्याला वेगळ्याने सांगितलं. काही वर्षांपूर्वी माझ्या कंपनीतला एक जवान सुटीवर गेला, घरी गेल्या गेल्या मोठी गाडी घेतली, आणि बाराव्या दिवशी गावाबाहेरच्या वळणावर गेला. दोन वर्षं काश्मीरमध्ये काढून गेला होता. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा गाडी अंगणातच होती, सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. वडील म्हणाले, ‘‘साहेब, तुमच्याकडे होता तोवर सुखरूप होता.’’ याला काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही.

क्लार्क गप्प ऐकत होता. मग आम्ही ठरवलं की गाडी घ्यायच्या आधी महिनाभर दर रविवारी सकाळी एमटीच्या मैदानावर जायचं. तिथला हवालदार जुना डीआर आहे, त्याची स्वतःची शंभर सीसीची गाडी आहे आणि जीभ फार कडू आहे. पहिल्या रविवारी त्याने पोराला इंजिन सुरूच करू दिलं नाही, तासभर नुसती ढकलायला लावली. दुसऱ्या रविवारी दोनशे मीटरचे आठाचे आकडे. तिसऱ्या रविवारी तीन वेळा पाडली, तीन वेळा उचलली.

काल तो शोरूममध्ये जाऊन शंभरवाली बुक करून आला. त्याआधी हेल्मेट आणलं, ते ऑफिसात कपाटावर ठेवलंय. जाताना दारात थांबून म्हणाला, ‘‘साहेब, मग बुलेट कधी?’’

‘‘हवालदाराला विचार,’’ म्हटलं.

‘‘विचारलं. ते म्हणाले, आधी दाढी नीट येऊ दे.’’