सिक, फिट आणि शुगर

प्रतापनगरात माणसाची तब्येत दोनच प्रकारची असायची, सिक नाहीतर फिट. रेल्वेच्या दवाखान्यात फार्मासिस्ट म्हणून माझी नोकरी याच दोन शिक्क्यांत सरली. मनाचं दुखणं त्या शिक्क्यांत मावत नसे.

ही वस्ती मुळी रेल्वेचीच. 1862 साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, डभोई ते मियागाम नॅरोगेज पडली. रूळ इतके हलके की सुरुवातीला गाडी बैल ओढत. 1880 च्या सुमारास ती वाट बडोद्याच्या गोया गेटपर्यंत आली. त्या ठाण्याचं पुढे प्रतापनगर झालं. माझे आजोबा गायकवाडांच्या याच रेल्वेत फायरमन. पाळीभर फावड्याने कोळसा मारायचा आणि घरी येऊन चार-सहा भाकऱ्या खायच्या. डिझेल आलं तसं फावडं गेलं, भाकऱ्या राहिल्या. ड्युटीला बोलवायला रात्री-अपरात्री क्वार्टरचं दार ठोकणारा कॉलबॉयही राहिला.

माझ्या मते प्रतापनगरची शुगर आणि प्रतापनगरची उदासी, दोन्ही त्याच दारातून आत आल्या. झोप वरचेवर मोडली की कॉर्टिसॉल चढतं, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, पोट सुटतं. तीच मोडकी झोप मनही खचवते. खचलेला माणूस फिरायला जात नाही, गोळी चुकवतो, शुगर आणखी वाढते. मधुमेह्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं. जुन्यांना हे दिसलं होतं: चरकसंहितेत वातज प्रमेहाच्या कारणांत उद्वेग आणि शोक आहेत, आणि 17व्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिसनेही दीर्घ दुःखाला मधुमेहाचं कारण मानलं. 1921 ला इन्सुलिन सापडलं. शुगर प्रयोगशाळेत गेली, शोक बाहेरच राहिला.

आमच्याकडे तर तो लपवायचाच असे. ड्रायव्हरला धास्ती डिकॅटेगराइज होण्याची. इंजिनावरून उतरवलं की किलोमीटर भत्ता बंद, आणि त्याहून मोठं म्हणजे रुबाब बंद. म्हणून पीएमईच्या, म्हणजे ठरावीक मुदतीने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीच्या, आधी पंधरा दिवस गोड सोडायचं. नंतर पुन्हा चहात तीन चमचे. खिडकीशी वाकून लोक हळूच म्हणत, “भाऊ, झोपेची गोळी द्या ना, पण बुकात चढवू नका.” मी देत नसे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही. डॉक्टरांकडे पाठवलं तर माणूस परत फिरे. बडोद्याच्या कारेलीबागेत मानसिक आजारांचं जुनं इस्पितळ आहे, पण तिथे केसपेपर काढला की नोकरीवर पाणी, असं सगळे धरून चालत. (बायकांना तर विचारतही कुणी नव्हतं, कॉलबॉय त्यांनाही उठवायचा.)

पेन्शनर मंडळींनो, आता पीएमई नाही आणि भत्ताही नाही. मेटफॉर्मिनची चिठ्ठी घ्यायला जाल तेव्हा झोपेचं आणि मनाचंही डॉक्टरांना सांगा. मनावरच्या काही औषधांनी वजन आणि शुगर वाढते, म्हणून शुगरच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. आणि आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका.