मॅट्रिक ते नीट : पेडण्याच्या मुलांची परीक्षा

हळर्ण म्हटले की शापोरा नदीकाठचा किल्ला आठवतो. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि 1788 मध्ये सगळा पेडणे महालच त्यांच्या अमलाखाली गेला. किल्ल्याचा इतिहास आम्ही पाहुण्यांना आवडीने सांगतो. पण त्या सीमेने आमच्या मुलांच्या शिक्षणाचे काय केले, हे फारसे बोलले जात नाही.

पणजीत 1842 मध्ये वैद्यकीय शाळा आणि 1854 मध्ये लिसेंव निघाले. दोन्हीकडे आत जायचे तर पोर्तुगीज हवी. मराठीत अक्षरे गिरवलेल्या मुलाला दुसरी वाट होती ती मुंबईची. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली. मॅट्रिक म्हणजे शाळा संपल्याचा दाखला असे आपण समजत आलो. मुळात ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षाच होती. त्या वाटेने जायचे तर इंग्रजी हवी. भाषा बदलली, अट तीच राहिली.

मुक्तीनंतर 1962 मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले महाविद्यालय सुरू झाले, तीही मुंबई विद्यापीठाशी जोडलेली. 1967 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आले. गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ 1975 चे, तर विद्यापीठ 1985 चे. आमच्यासारखे डिप्लोमाला गेले ते दहावीच्या गुणांवर. अभियांत्रिकी पदवी आणि वैद्यकीय प्रवेशासाठी मात्र पुढे राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर ‘नीट’ सक्तीची केली. त्या वर्षी अध्यादेशाने राज्यांना सवलत मिळाली. 2017 पासून गोव्याच्या मुलालाही नीटच द्यावी लागते.

एकच परीक्षा कशाला, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत प्रत्येक कॉलेज आपापली परीक्षा घेई, म्हणून 1900 मध्ये कॉलेज बोर्ड निघाले. 1926 मध्ये त्याने पर्याय निवडायची ‘सॅट’ परीक्षा आणली. कुठल्याही शाळेतल्या हुशार मुलाला एकाच मापाने मोजता यावे, ही कल्पना. पण शिकवणीला पैसे मोजणाऱ्याला अधिक गुण मिळतात, ही तक्रार तिथेही आहे. कोविडच्या काळात अनेक विद्यापीठांनी ही अट काढली. एमआयटीने 2022 मध्ये ती पुन्हा घातली. गरीब घरातली गुणी मुले ओळखायला तीच परीक्षा उपयोगी पडते, असे त्यांचे म्हणणे.

आम्हांला दोन्ही बाजू पटतात. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका तराजूत घालायला सामायिक परीक्षा लागतेच, आणि तिथे ओळख-वशिला चालत नाही. पण तराजू एक असला तरी तयारी सारखी नसते. हळर्णच्या मुलाला चांगल्या शिकवणीसाठी म्हापसा किंवा पणजी गाठावी लागते. जाण्यायेण्यात संध्याकाळ जाते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण गोव्यात अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीत शिकलेल्या मुलाला तिचा उपयोग थोडाच. पूर्वी भाषेची भिंत होती, आता अंतराची आणि पैशाची आहे.

ही भिंत सरकारने पाडावी हे खरेच. तोवर आपल्यालाही काही करता येईल. ज्या मांडवात अकरा दिवस आरत्या म्हणतो, त्या मंडळाची खोली वर्षभर अभ्यासासाठी उघडी राहिली, जुन्या प्रश्नपत्रिका तिथे ठेवल्या आणि गावातल्या पदवीधरांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तरी म्हापशाच्या चार फेऱ्या वाचतील. विद्येच्या देवतेपुढे एवढा संकल्प सोडायला हरकत नसावी.