मंगळावरची धूळ, मराठवाड्याचं आभाळ

ऑक्टोबर 1972. तुम्ही औरंगाबादहून पैठणच्या रस्त्याला लागला आहात. पावसाळा सरला, पण पाऊस झालाच नाही. देशभरातच यंदा तो सरासरीपेक्षा सुमारे 24 टक्के कमी पडला आहे. रस्त्याकडेला दुष्काळी काम चालू आहे. काष्टा मारलेल्या बायका खडी फोडताहेत, मुकादम हजेरीपट घेऊन फिरतो आहे. दुपारी फडकी सुटतात. आत परदेशातून आलेल्या मिलोची तांबडी भाकरी आणि ठेचा.

तेवढ्यात पश्चिमेला एक ढग चढतो. हातोडी खाली ठेवून एक म्हातारे बाबा तुम्हाला विचारतात, "साहेब, ह्या ढगात पाणी हाय का?"

प्रश्न अगदी नेमका आहे. ढगाचा माथा किती उंच, किती थंड, वरच्या हवेत बाष्प किती, हे कळलं तर उत्तराच्या जवळ जाता येईल. पण भारताचा पहिला इन्सॅट उपग्रह आकाशात जायला अजून दहा वर्षं आहेत. तुम्ही गप्प राहता.

आता काळ आणखी वर्षभर मागे घ्या आणि मंगळापर्यंत चला. 14 नोव्हेंबर 1971. नासाचं मरिनर 9 मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरतं आहे. दुसऱ्या ग्रहाची प्रदक्षिणा करणारं हे पहिलंच यान. खाली अख्खा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला. कॅमेऱ्याला धुरळ्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. पण यानावर 'आयरिस' नावाचं एक उपकरण आहे. रुडॉल्फ हॅनेल यांच्या चमूनं घडवलेला हा अवरक्त वर्णपटमापक. त्याचं काम वादळातही थांबत नाही.

जवळ जाऊन पाहा. मंगळाकडून आलेले अवरक्त किरण आत शिरतात आणि एका पातळ तबकडीवर दुभागतात. अर्धे स्थिर आरशावर जातात, अर्धे हळूहळू सरकणाऱ्या आरशावर. परत येऊन दोन्ही एकमेकांत मिसळतात. आरसा सरकतो तसा मिसळलेला उजेड कमी-जास्त होतो आणि त्या चढउतारातून गणितानं 5 ते 50 मायक्रोमीटरपर्यंतची एकेक तरंगलांबी वेगळी काढता येते.

याचा उपयोग काय? तापलेल्या तव्याची धग हात न लावता जाणवते, ती याच किरणांची. प्रत्येक ग्रह आणि त्याची हवा अशी धग सतत बाहेर टाकत असते. मंगळाची हवा बहुतांशी कार्बन डायऑक्साइडची. हा वायू 15 मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण शोषतो. जिथे शोषण जोरात, तिथले किरण फक्त वरच्या थरांतून निसटतात. जिथे ते सौम्य, तिथले खालून येतात. अशा अनेक तरंगलांब्या मोजल्या, की कुठल्या उंचीवर हवा किती गरम, हे उलगडतं. आयरिसनं दाखवून दिलं की धूळ ऊन शोषून मंगळाची हवाच तापवते आहे. त्या धुळीत सिलिकेट खनिजं आहेत, हेही त्यानंच सांगितलं.

आणि लक्षात घ्या, याच घराण्यातलं उपकरण एप्रिल 1970 मध्ये निंबस 4 उपग्रहावरून पृथ्वीभोवती फिरू लागलं होतं. पद्धत एकच, ग्रह दोन. 27 ऑक्टोबर 1972 रोजी यानाची दिशा सांभाळणारा वायू संपतो आणि मरिनर 9 चं काम थांबतं. त्या दिवशीही मराठवाड्यात खडी फुटतेच आहे. मंगळाच्या हवेचं तापमान माणसाला कळलं होतं, बाबांचा प्रश्न मात्र अनुत्तरितच होता.

ऑगस्ट 2015. तुम्ही पुन्हा औरंगाबादला. पुन्हा दुष्काळ. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या इमारतीवर डॉप्लर रडार बसवलं आहे आणि कृत्रिम पावसासाठी विमान योग्य ढगांच्या शोधात निघतं. पण या खेपेला वर नजर आहे. 2013 मध्ये सोडलेल्या इन्सॅट-3डी उपग्रहावरच्या साउंडरमध्ये 18 अवरक्त चॅनेल आहेत. काही कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यात तापमान वाचतात, काही बाष्प. त्याच वेळी मंगळयानही मंगळाभोवती फिरतं आहे आणि त्यावरही औष्णिक अवरक्त वर्णपटमापक आहे. दोन्ही उपकरणं घडली इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये. 1972 मध्ये दुरून पाहिलेली विद्या आता आपल्या घरची आहे.

साउंडरला मर्यादाही आहे. दाट ढगाखालची हवा अवरक्तात वाचता येत नाही, तिथे रडार लागतं. आणि बाष्पच नसेल तर विमानानं कितीही फवारलं तरी पाऊस पडत नाही. पण बाष्प आहे की नाही, हे आता मोजता येतं.

आता आजच्या छत्रपती संभाजीनगरात या. फेब्रुवारी 2024 मध्ये गेलेला इन्सॅट-3डीएस वर आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या संकेतस्थळावर उपग्रहाची अवरक्त छायाचित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. पेरणीच्या दिवसांत ती उघडा, ढगांच्या माथ्याचं तापमान वाचायला शिका आणि गावातल्या चार शेतकऱ्यांना शिकवा. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी तर ही उपकरणं घडवण्याचीच उमेद धरावी. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आज बरंचसं देता येतं. ते बांधापर्यंत पोचवणं हे आपलं काम आहे.