चाल चितळकरांची, साज गोव्याचा

‘मेलडी’साठी मराठीला शब्द शोधावा लागला नाही, ‘चाल’ घराघरांत होतीच. ‘हार्मनी’साठी मात्र ‘स्वरसंवाद’ हा शब्द घडवावा लागला आणि तो बहुधा पुस्तकातच राहिला. आमच्या शहापूर-मुरबाडकडील भजनातली पेटी गायकामागोमाग तीच चाल वाजवते. तिच्या जोडीला निराळा सूर धरीत नाही. अशा श्रवणसंस्कारात जॅझ कोणाच्या हातून आला, हा प्रश्न आम्हांस केवळ संगीताचा नव्हे, तर सांस्कृतिक इतिहासाचा वाटतो.

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. हे संगीत आत्मसात केले ते प्रामुख्याने गोमंतकीय वादकांनी. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६-१९६७) हे ट्रम्पेटवादक याच पिढीतले.

या वादकांची गाठ पडली पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी, म्हणजेच सी. रामचंद्र (१९१८-१९८२) यांच्याशी. ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरही दिसतो.

या भेटीतील पेच समजून घेण्यासारखा आहे. डब्ल्यू. सी. हँडी यांच्या ‘सेंट लुई ब्लूज’चा (१९१४) मुख्य भाग बारा ‘बारां’चा, त्यात षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभारलेले स्वरगुच्छ आलटूनपालटून येतात. सा-ग-प या गुच्छात ‘सा’ पाया असतो. म-ध-सा या गुच्छात तोच ‘सा’ पायाचा मान ‘म’ला देऊन पाचव्या जागी बसतो. सूर न बदलता त्याचा अर्थ बदलतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या, षड्ज अचल मानणाऱ्या कानाला हे नवे होते.

सी. रामचंद्र यांनी एकासाठी दुसरे सोडले नाही. ‘अलबेला’तच ‘शोला जो भडके’चा नाचरा ताल आहे आणि पिलूच्या अंगाची लोरीही आहे. ‘समाधी’तील (१९५०) ‘गोरे गोरे’ मात्र अमेरिकी चित्रपटगीतावर सरळ बेतलेले. म्हणून ‘उचल’ की ‘आत्मसात’, याचा निवाडा गाण्यागणिक करावा लागतो. सरसकट शिक्का मारणे ही समीक्षा नव्हे.

तथापि, आम्हांस अधिक बोचतो तो श्रेयाचा प्रश्न. ध्वनिमुद्रिकेवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे असत. वाद्यमेळ लिहिणाऱ्याचे नाव बहुधा नसे. ‘आशा’तील (१९५७) ‘ईना मीना डीका’मध्ये ‘माका नाका’ हे शब्द साहाय्यक जॉन गोम्स यांनी घातले, असे सांगितले जाते. कोंकणीत त्याचा अर्थ ‘मला नको’. श्रेयनामावलीत जिला जागा मिळाली नाही, ती भाषा अशी गाण्यातच शिरून बसली. गीतांचा इतिहास शिकविताना शब्द आणि चाल यांपाशीच थांबणाऱ्या आपण साऱ्यांनी ती ऐकावयास हवी.