छळछावणीतील सुईण

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी संकोचले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझ्या सासूबाई सुईणपण करीत. त्यांच्या हाताखाली गरम पाणी, धुतलेली फडकी देता देता बाळंतपण मी जवळून पाहिले. त्यामुळे पोलंडमधील एका सुईणीची हकीकत वाचली, ती आपणापुढे ठेवावीशी वाटली.

तिचे नाव स्टानिस्लावा लेश्चिन्स्का. जन्म १८९६ चा, लोड्झ शहरातला. १९१६ साली लग्न झाले. पदरी लेकरे असतानाच ती वॉर्सा येथे सुईणीचे शिक्षण घेऊन १९२२ साली उत्तीर्ण झाली, आणि गरिबांच्या घरोघर बाळंतपणे करू लागली.

१९३९ साली जर्मनांनी पोलंड घेतले. लोड्झमधील ज्यू लोकांना एका वस्तीत कोंडण्यात आले. या कुटुंबाने त्यांना लपूनछपून मदत केली. ते उघडकीस आले आणि १९४३ च्या फेब्रुवारीत पकडापकडी झाली. दोन मुलगे दगडाच्या खाणींवर गेले. १७ एप्रिल रोजी बाई व त्यांची मुलगी आउश्वित्झच्या छळछावणीत आल्या. बाईंचा नंबर ४१३३५. पती १९४४ च्या वॉर्सा उठावात मारले गेले.

आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. तिथे लाकडी बराकीत मधोमध विटांची लांब चूल होती. ती वर्षातून मोजक्या वेळा पेटे. त्या चुलीवरच बाळंतपण करायचे. औषध नाही, पाणी जवळ नाही. उवा, उंदीर आणि हगवण मात्र भरपूर. दिवस भरत आलेल्या बायका आपल्या वाटणीचा पाव उपाशी राहून साठवीत, आणि तो देऊन एखादी चादर मिळवीत. ती फाडून लंगोट व झबली होत. हाच त्यांचा बाळंतविडा!

तिथे आधीपासून क्लारा नावाची एक जर्मन कैदी होती. तीही सुईणच. बालहत्येच्या गुन्ह्यासाठी ती तुरुंगात आलेली. जन्मलेली मुले पिंपात बुडविण्याचे काम तिच्याकडे होते. दोघींची विद्या एक, हातही तसेच दोन! लेश्चिन्स्काबाईंनी मात्र मुलांना मारण्यास साफ नकार दिला. त्या प्रत्येक बाळंतपणाआधी प्रार्थना करीत, मूल हातात घेत, नाळ बांधीत, पुसून आईजवळ ठेवीत.

सुमारे दोन वर्षांत त्यांनी तीन हजारांवर बाळंतपणे केली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यात एकही आई वा मूल बाळंतपणात दगावले नाही. छावणीच्या डॉक्टरने हिशेब मागितला, तेव्हा त्यालाही ते खरे वाटेना. पण पुढचे ऐकवत नाही. सुमारे १५०० मुले बुडविली गेली, हजारावर थंडी व भुकेने गेली, काही शेकडा जर्मन करण्यासाठी आयांपासून तोडून नेली. छावणीतून वाचली ती अवघी तीसेक.

मग इतक्या कष्टांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. मला वाटते, मूल जगेल की नाही हे त्या बाईंच्या हाती नव्हते. परंतु त्या घटकेला आईला एकटी पडू न देणे, आणि जन्मलेल्या जिवाला माणूस म्हणून हातात घेणे, एवढे हाती होते. तेवढे त्यांनी एकदाही टाळले नाही. त्यातूनच इतर बायकांना धीर आला.

युद्ध संपल्यावर त्या लोड्झला परतल्या. मुलेही वाचली होती. पुन्हा पिशवी घेऊन त्या घरोघर जाऊ लागल्या. १९५७ साली काम सोडताना त्यांनी हा सारा वृत्तांत लिहून काढला. १९७० साली वॉर्सा येथे छावणीतल्या काही आया आणि तिथे जन्मलेली, आता मोठी झालेली मुले त्यांना भेटली. १९७४ साली त्या वारल्या.

आज बाळंतपणे दवाखान्यात होतात, हे चांगलेच आहे. तरीही एखादी लेक माहेराविना, सासरच्या माणसांविना दवाखान्याच्या बाकावर बसलेली दिसते. आपल्या मंडळातील भगिनींनी अशा वेळी तिच्याजवळ जाऊन बसावे, एवढीच माझी विनंती आहे.