स्नेप, सेव्हेरस

जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’ या सात भागांच्या इंग्रजी कादंबरीमालेतील (१९९७–२००७) एक प्रमुख पात्र. हॉगवर्ट्स या जादूविद्येच्या निवासी शाळेतील शिक्षक, स्लिदरिन गृहाचा प्रमुख व अखेरीस मुख्याध्यापक. शेवटच्या भागाच्या ३३व्या प्रकरणात त्याच्या आठवणी उलगडेपर्यंत तो खलपुरुष, निदान संशयित, भासतो.

स्नेपची आई जादूगार, तर वडील सामान्य माणूस. घरात सतत भांडणे. त्याच गावातील लिली इव्हान्स ही त्याची बालमैत्रीण. शाळेत दोघे वेगवेगळ्या गृहांत गेले. पाचव्या वर्षी सहाध्यायी जेम्स पॉटरने चारचौघांत त्याची मानहानी केली, तेव्हा मदतीस आलेल्या लिलीलाच स्नेपने कुळावरून शिवी हासडली. मैत्री तुटली ती कायमची. पुढे लिलीने जेम्सशी लग्न केले, तर स्नेप वोल्डेमॉर्ट या दुष्ट जादूगाराच्या टोळीत गेला. वोल्डेमॉर्टच्या पाडावाविषयीचे चोरून ऐकलेले अर्धवट भाकीत स्नेपने त्याच्या कानी घातल्यामुळेच पॉटर कुटुंबावर संकट ओढवले. घाबरलेल्या स्नेपने मुख्याध्यापक आल्बस डंबलडोर यांना साकडे घातले, तेही केवळ लिलीसाठी; तिच्या नवऱ्यामुलाची पर्वा न केल्याबद्दल डंबलडोरनी त्याला खडसावले.

१९८१ मध्ये लिली मारली गेल्यावर तिच्या मुलाचे, हॅरीचे, रक्षण करण्याचे त्याने पत्करले. मात्र हे गुपित राहावे अशी अट घातली. डंबलडोरसाठी वोल्डेमॉर्टच्या गोटात हेरगिरी करायची, तर दुष्ट समजले जाणे भागच होते. मरणासन्न डंबलडोरना त्यांच्याच सांगण्यावरून ठार मारून त्याने खुन्याचा कलंकही माथी घेतला. १९९८ मध्ये वोल्डेमॉर्टच्या आज्ञेने नागिणीने त्याचा बळी घेतला. मरताना त्याने आपल्या आठवणी हॅरीच्या हवाली केल्या. हॅरीने पुढे धाकट्या मुलाचे नाव आल्बस सेव्हेरस ठेवले.

चित्रपटांत (२००१–११) ही भूमिका अ‍ॅलन रिकमन यांनी केली. स्नेपच्या मनातील रहस्याचा धागा रोलिंग यांनी त्यांना कादंबरीमाला पूर्ण होण्याआधीच सांगितला होता.

या पात्राबद्दल वाचकांत आजही दोन तट आहेत. नेव्हिल लाँगबॉटमसारख्या भित्र्या विद्यार्थ्याचा त्याने केलेला छळ हेरगिरीची गरज म्हणून माफ होत नाही. लिलीवरील प्रेमाने त्याला पश्चात्ताप दिला. पापक्षालन मात्र ज्या हॅरीचा तो तिरस्कार करी, त्याच्यासाठी वर्षानुवर्षे निनावी राबण्यात झाले.